पचमढीला साल आणि चिखलदऱ्याला साग: फरक पावसाचा, दगडाचा की पाण्याच्या निचऱ्याचा?

काळीवाला (तालुका वरूड)

नागपंचमीच्या सुमारास आमच्या भागातून पचमढीच्या नागद्वारला जाणाऱ्यांची गर्दी असते आणि गेली बारा-तेरा वर्षे मीही त्यांत असतो. पहिली काही वर्षे पुढच्या माणसाची पाठ आणि पायाखालचा निसरडा दगड यांपलीकडे काही पाहिले नाही. आता गुडघे कुरकुरतात, ठिकठिकाणी टेकावे लागते आणि बसल्या जागी झाडे दिसू लागतात. त्यातूनच ही शंका निघाली.

मेळघाटात आमचे नेहमीचे जाणे-येणे आहे. चिखलदरा समुद्रसपाटीपासून 1,118 मीटर उंच आहे आणि पाऊसही चांगला पडतो, पण जंगल पाहावे तर सागाचे. पचमढीचे पठार उंचीने जवळपास तेवढेच आणि डोंगरही सातपुड्याचेच. तरी वर चढता चढता साग मागे पडतो आणि पठारावर सालाचे जंगल लागते. पाऊस तिथे जास्त आहे हे मान्य, पण एवढ्या एका कारणाने अख्खे जंगल बदलते हे मनाला पटत नाही.

दुसरी गोष्ट याहून विचित्र वाटली. गेल्या दिवाळीनंतर घरच्यांना घेऊन पुन्हा गेलो होतो. धूपगडाच्या बाजूला एका सपाट खडकावर पेरभरसुद्धा माती नव्हती आणि ती पावसाळा संपून गेल्यावरही ओलीगच्च होती. तिथे एक रुपयाच्या नाण्याएवढी, जमिनीला चिकटलेली तांबडी रोपे दिसली. प्रत्येक पानावर केस, केसाच्या टोकावर चिकट थेंब, आणि एका थेंबात पाय अडकलेले चिलट अजून हलत होते. माझ्या नातीने ते सोडवायचा प्रयत्न केला, तेव्हा पानच हाताला चिकटून आले. तिथून पाच पावलांवर खडकाच्या चिरेत पुरता वाढलेला वृक्ष उभा होता आणि दुसऱ्या अंगाला पाच पावलांवर वाळलेल्या गवताशिवाय काही नव्हते. खडक एकच, पाऊसही तोच. मग पाच पावलांत एवढा फरक कसा?

तिसरी गोष्ट माझ्या नुकसानीची. हौसेने एका रोपवाटिकेतून सालाची तीन रोपे आणून संत्र्याच्या बागेच्या धुऱ्यावर लावली. आमची जमीन भारी काळी, सामू (पीएच) 8.2 आणि माती परीक्षणात चुनखडीचे प्रमाण जास्त. दुसऱ्या वर्षी पाने पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या आणि तिसऱ्या उन्हाळ्यात तिन्ही रोपे गेली. पाणी कमी पडू दिले नव्हते.

हे विचारण्याचे तातडीचे कारण असे की, भद्रावतीजवळ माझ्या मेहुण्यांची दोन एकर तांबडी, रेताड, उताराची जमीन पडीत आहे आणि त्यावर त्यांना आपल्याकडची रानझाडे लावायची आहेत. जमीन हलकी म्हणून खड्ड्यांत तळ्याचा काळा गाळ भरावा, असा आमचा बेत आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त वनपाल (गडचिरोली)

भाऊ, तुमच्या तिसऱ्या गोष्टीपासून सुरुवात करतो, कारण पहिलीचे उत्तर तिच्यात दडलेले आहे. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा हे लक्षण तुम्ही संत्र्यावर पाहिलेले असणार. चुनखडीच्या जमिनीत लोह भरपूर असले तरी ते मुळांना उचलता येईल अशा रूपात राहत नाही. संत्रा उपाशी राहतो आणि साल तर मरतोच. तुम्ही दिलेल्या पाण्याने हा प्रश्न सुटणार नव्हता, किंबहुना भारी जमिनीत जास्तीच्या पाण्याने मुळांची हवा कोंडली असेल. सालाला ओल लागते, पण साचलेले पाणी चालत नाही. एक गोष्ट मात्र सांगायला हवी. सालाचे रोप त्याच्या स्वतःच्या मुलखातही पहिली कित्येक वर्षे उन्हाळ्यात जमिनीपर्यंत वाळते आणि पावसाळ्यात पुन्हा फुटते. वरचा शेंडा मरत असला तरी खाली मूळ जाड होत राहते. त्यामुळे वाळलेले रोप लगेच उपटू नये. तुमच्याकडे ते पुन्हा फुटले नाही, म्हणजे मूळच गेले.

आता जंगलाकडे वळू. चिखलदरा म्हणजे काळा पाषाण, दक्षिणेचा ट्रॅप, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह भरपूर असते, आणि तो झिजून जी माती होते तिच्यात चिकणमातीचे प्रमाण मोठे असते. पावसात ती फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. सागाला कॅल्शियम मनापासून आवडते. मात्र त्याला निचराही हवा असतो, म्हणून तो काळ्या जमिनीच्या खोलगटात रमत नाही, तर मुरमाड उतारावर सरळ वाढतो. उलट पचमढीचा दगड वालुकाश्म आहे, म्हणजे मुळात वाळूच. ती बहुतेक गारगोटीची, आणि गारगोटीतून झाडाला मिळण्यासारखे जवळजवळ काहीच सुटत नाही. त्यावर बनणारी माती रेताड, आंबट म्हणजे सामू सहसा 7 च्या खाली, आणि कॅल्शियम व स्फुरद (फॉस्फरस) यांच्या बाबतीत दरिद्री असते. सागाला ती पुरत नाही. सालाला पुरते, कारण त्याच्या मुळांभोवती एक प्रकारची बुरशी आवरण करून राहते, तिचे तंतू दूरपर्यंत पसरतात आणि मातीतला कणकण स्फुरद वेचून झाडाला देतात. त्या बदल्यात झाड तिला साखर देते. छत्तीसगडच्या बाजूला पहिल्या पावसात सालाखाली जो ‘बोडा’ निघतो आणि मटणाच्या भावाने विकला जातो, तो याच बुरशीच्या घराण्यातला. आपल्याकडच्या वारुळावरच्या सात्या वेगळ्या; त्या वाळवीच्या जोरावर येतात. सागाच्या मुळांतही बुरशी असते, पण ती मुळाच्या आत राहणारी, वेगळ्या जातीची.

मात्र दगडाचे नाव ऐकून जंगल ओळखता येते असे समजू नका. अमरकंटकच्या बाजूला ट्रॅपच्या डोंगरांवरही साल उभा आहे. तिथे दीर्घकाळच्या पावसाने वरचा दगड धुऊन जांभा केला आणि चुना पार निघून गेला, तेव्हा सालाला तिथेही जागा झाली. झाड दगड पाहत नाही, दगडाची माती होताना तिच्यात काय उरले ते पाहते. आणि पचमढीच्या पठाराच्या भोवतालच्या खोऱ्यांत उत्तम साग आहेच; 1865 मध्ये राखीव झालेले बोरी नावाचे जंगल तिथलेच.

पाणलोट (नागपूर)

वनपाल साहेबांनी मातीचे सांगितले. तुमच्या पाच पावलांच्या कोड्याचे उत्तर मात्र मातीपेक्षा पाण्याच्या वाटेत आहे. मी विहिरींच्या कामात आयुष्य घालवले, म्हणून मला सगळे पाण्याच्याच बाजूने दिसते, हे आधीच कबूल करतो.

ज्या महादेवाच्या यात्रेला तुम्ही जाता, त्याच्याच डोंगरांवरून भूशास्त्रज्ञांनी तिथल्या खडकांच्या गटाला ‘महादेव’ हे नाव दिले, आणि तुमच्या मेहुण्यांच्या शेताखाली जो खडक असण्याची शक्यता आहे त्याचे नाव नागपूरजवळच्या कामठीवरून ‘कामठी’ असे पडले. दोन्ही गोंडवन नावाच्या जुन्या खडकांच्या कुळातले, दोन्ही नद्यांनी आणून टाकलेल्या वाळूचे. पचमढीचा वालुकाश्म साधारण 20 ते 25 कोटी वर्षांपूर्वीचा आहे. ही वाळू सगळीकडे सारखी चिकटलेली नाही. कुठे ती गारगोटीनेच जोडली गेली, तिथे खडक लोखंडासारखा झाला. कुठे तांबड्या लोहगंजाने, तर कुठे नुसत्या चिकणमातीने, तिथे तो बोटाने खरवडला जातो. शिवाय थरांच्या मध्ये चिकणमातीचे पातळ पदर असतात आणि उभ्या चिरा असतात. पावसाचे पाणी उभ्या चिरेतून झरझर खाली जाते, आडवा पदर लागला की अडते आणि त्या पदरावरून सरकत कड्याच्या बाजूने झिरपत बाहेर पडते. जटाशंकराच्या गुहेत बाहेर कोरडे असतानाही थेंब गळत असतात, ते असे वरून खडकातून आलेले पाणी. हांडीखोहसारख्या खोल दऱ्या त्या उभ्या चिराच रुंदावून झालेल्या आहेत. त्यांच्या तळाशी ऊन क्वचित पोहोचते आणि दगड बारा महिने ओला राहतो, म्हणून तिथे नेचे आहेत, अगदी वृक्षाएवढे वाढणारे नेचेही आहेत, आणि त्याच दरीच्या माथ्यावर उघड्या कड्याला मात्र पाण्यावाचून तग धरणारी झाडे आहेत. उंचीतला फरक शंभरएक मीटरचा, पण झाडांच्या दृष्टीने दोन वेगळे देश.

आता तुमचा सपाट खडक घ्या. त्या जागी वालुकाश्म घट्ट आहे, चीर नाही, आणि वरच्या अंगाने झिरपलेले पाणी पातळ मातीच्या थरातून सरकत राहते. माती पेरभर, खाली पाणी जायला वाट नाही, म्हणून पावसाळ्यात ती चिखल असते आणि मार्च-एप्रिलमध्ये तव्यासारखी तापते. वाहते पाणी जे थोडेफार क्षार असतील तेही धुऊन नेते. अशा जागी वृक्षाला मूळ घालायला जागा नाही आणि गवताला पुरेसे नत्र नाही. तुमच्या नातीच्या हाताला चिकटली ती ‘दवबिंदू’ नावाची वनस्पती. ती मुळाने पाणी पिते आणि पानाने किडा खाते; मातीत जे नत्र आणि स्फुरद नाही ते चिलटातून घेते. तिच्या शेजारी निळसर जांभळी, टाचणीएवढ्या देठाची फुले दिसली असतील तर ती ‘सीतेची आसवे’. तिचा सापळा चिखलात असतो, बारीक फुग्यांचा. ही दोन्ही नावे साताऱ्याच्या कास पठारामुळे आपल्याला माहीत आहेत, आणि गंमत अशी की कासला वालुकाश्म नाही, जांभा आहे. दगड निराळा, पण पातळ माती, खाली बंद वाट, पावसाळाभर ओल आणि अन्नाचा दुष्काळ या चार गोष्टी जुळल्या, म्हणून झाडे तीच.

पाच पावलांवर वृक्ष आहे, कारण तिथे चीर आहे. त्याचे मूळ वीतभर मातीत नाही, खडकाच्या आत कित्येक हात खाली गारव्यात आहे. दुसऱ्या अंगाला वाळलेले गवत आहे, कारण तो भाग झिरप्याच्या वाटेत येत नाही. पुढच्या वेळी गेलात तर झाडांच्या रांगा पाहा. वरून पाहिले तर त्या चिरांचा नकाशाच असतो.

काळीवाला (तालुका वरूड)

दोघांचेही आभार. ‘सीतेची आसवे’ दिसली होती, फोटोत सापडली. वनपाल साहेबांचे वाचून पटले की मी धुऱ्यावर साल नव्हे तर हट्ट लावला होता. पण मेहुण्यांच्या जमिनीचे काय? तीही वालुकाश्माची असेल तर तिथे साल लावावा का? आणि काळ्या गाळाबद्दल कोणीच बोलले नाही.

चारोळी (तालुका भद्रावती)

दादा, मी त्याच भागातली असल्यामुळे मध्ये बोलते. वरच्या चर्चेत वालुकाश्म म्हणजे साल आणि ट्रॅप म्हणजे साग असे जे चित्र तयार होत आहे, ते आमच्या जिल्ह्यात लागू पडत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात कामठीच्या वालुकाश्मावर साग आहे, भरपूर आहे, बांबूबरोबर आहे, आणि आमच्या शिवारात सालाचे एकही झाड मी पाहिलेले नाही. पचमढीला वर्षाला साधारण 2,000 मिलिमीटर पाऊस पडतो, आमच्याकडे त्याच्या निम्म्यापेक्षा थोडा अधिक; उन्हाळा मात्र आमचा कोणाला ऐकायचा नाही. त्यात कामठीच्या खडकात तांबड्या चिकणमातीचे पदर पचमढीपेक्षा पुष्कळ आहेत, त्यामुळे माती सगळीच दरिद्री नाही. म्हणून माझे म्हणणे असे की पचमढीचा धडा जसाच्या तसा भद्रावतीला आणू नये आणि साल तर अजिबात लावू नये. त्याचे बी जूनमध्ये पडते, जेमतेम आठवडाभर जिवंत राहते आणि त्याच सुमारास पाऊस आला नाही तर वाया जाते. ज्या झाडाचे बी आमच्या मृगावर विसंबून आहे, त्याचा भरवसा आम्ही कसा धरावा?

गाळाबद्दल मात्र ठाम सांगते की भरू नका. आमच्या घरी हीच चूक झालेली आहे. माझ्या सासऱ्यांनी रेताड बरडावर आवळ्याचे साठ खड्डे तळ्याच्या गाळाने भरले. पहिले वर्ष रोपे तरारली. दुसऱ्या पावसाळ्यात खड्ड्यांत पाणी तुंबले आणि भोवतालची जमीन मात्र कोरडी ठणठणीत. एक मेलेले रोप उपटून पाहिले तर मुळे खड्ड्याच्या आकारात गोल गोल फिरली होती, एकही बाहेर रेतीत गेले नव्हते. जणू कुंडीच गाडून ठेवली होती.

पाणलोट (नागपूर)

ताईंनी लिहिले ते अनुभवाचे आहे आणि त्यामागचे कारणही सरळ आहे. चिकणमातीची छिद्रे बारीक असतात, ती पाणी धरून ठेवतात. बाजूच्या वाळूची छिद्रे मोठी, ती ओढू शकत नाहीत. त्यामुळे चिकणमाती पूर्ण भरून ओसंडेपर्यंत पाणी वाळूत उतरतच नाही. रेताड जमीन तासाला 30 मिलिमीटरहून अधिक पाणी पिते आणि भारी काळी जेमतेम 1 ते 5 मिलिमीटर. या दोघींना एकमेकींच्या पोटात घातले की असेच होणार. ताईंचा सागाबद्दलचा मुद्दाही मान्य. मी पचमढीचे बोलताना कामठीचा उल्लेख केला, तिथेच फरक सांगायला हवा होता.

मेहुण्यांना सांगा की काही विकत घेण्याआधी जमिनीच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या भागात हात-दीड हात खोल एकेक खड्डा करा. एकदा पाण्याने भरून जिरू द्या, पुन्हा भरा आणि दुसऱ्यांदा किती वेळात रिकामा होतो ते घड्याळ लावून पाहा. पहिल्यांदा जिरण्याला अर्थ नाही, कोरडी माती काहीही पिते. खड्ड्याची मूठभर माती काचेच्या बाटलीत पाणी घालून जोरात हलवून ठेवा. वाळू मिनिटाभरात तळाला बसते, पोयटा (वाळूहून बारीक गाळ) काही तासांत, आणि दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ दिसले तर ती चिकण.

निवृत्त वनपाल (गडचिरोली)

ताईंनी माझे कान धरले ते योग्यच झाले. साल लावू नये, हे मीही म्हणतो.

खड्ड्यांचा निकाल आल्यावर झाडे ठरवावीत, पण अंदाज देतो. माथ्यावर, जिथे खडक उघडा आहे आणि पाणी थांबत नाही, तिथे सालई, कुलू, चार (चारोळीचे झाड) आणि तेंदू. सालईला रोप लागत नाही. मनगटाएवढी फांदी उन्हाळ्याच्या शेवटी रोवली तरी ती फुटते. मधल्या उतारावर, जिथे हातभर माती आहे, तिथे बिजा, धावडा, बेहडा, मोहा. बिजा हा खरा निचऱ्याच्या, हलक्या जमिनीचा गडी. खाली, जिथे ओल टिकते, तिथे ऐन, जांभूळ, करंज आणि नाला असेल तर अर्जुन. ऐनाला जड माती आणि थोडे साचलेले पाणी चालते, म्हणून जंगलात फिरताना ऐनाची गर्दी लागली की आम्ही ओळखायचो की इथे खाली चिकण आहे. आणि एखाद्या तुकड्यात नुसती गरारी नावाची झाडेच माजलेली दिसली, तर त्या मातीकडून फार अपेक्षा ठेवायची नाही, हेही आम्हाला जुन्या माणसांनी शिकवले होते. गरारीचा पाला विषारी, गुरे तोंड लावत नाहीत, म्हणूनही ती माजते. तेव्हा हे लक्षण थोडे जपून वापरावे.

खड्ड्यात त्याच जागेची माती परत भरा, वर पालापाचोळा घाला. हलक्या जमिनीला अन्न वरून द्यायचे असते, जंगलही तसेच देते.

काळीवाला (तालुका वरूड)

गेल्या रविवारी मेहुण्यांकडे जाऊन आलो. माथ्यावरचा खड्डा दुसऱ्यांदा भरल्यावर वीस मिनिटांत कोरडा झाला. मधल्याला दीड तास लागला. खालच्या खड्ड्यात मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन गेलो तरी चार बोटे पाणी होते आणि तळाशी पहारीला तांबडी, साबणासारखी गुळगुळीत चिकण लागली. दोन एकरांत तीन प्रकारच्या जमिनी निघाल्या. मेहुणे खालच्या तुकड्यालाच चांगली जमीन समजून तिथे मोहा लावणार होते. गाळाची ट्रॉली रद्द केली आहे. आता मोहा मधल्या उतारावर न्यायचा ठरला, पण रोपे आणावीत की बी टाकावे?

चारोळी (तालुका भद्रावती)

बीच टाका, दादा. मोह्याचे मूळ पहिल्याच वर्षी खोल जाते आणि पिशवीत ते वाकडे होते. जूनमध्ये झाडाखाली ताज्या टोळ्या (मोह्याची फळे) पडतात, त्या वेचून गर काढा आणि आतले बी आठवड्याच्या आत जागेवरच दोन बोटे खोल टोबा. जुने बी घेऊ नका, त्यात तेल असते आणि ते लवकर खवट होते. एका जागी तीन बिया टाका, रानडुकरांचाही वाटा असतो.